बदलापूर गाव : वाटेवरच्या गावाचा जमाखर्च

बदलापूर स्थानकावर उतरणारा प्रवासी बदलापूर गावात उतरत नाही, ही गोष्ट आपल्यातील जुन्या मंडळींना ठाऊक आहे. नव्याने राहावयास आलेल्यांना मात्र ती मुद्दाम सांगावी लागते. स्थानकाच्या पूर्वेस कुळगाव लागते. पश्चिमेस बाहेर पडावे तर मांजर्ली, बेलवली ही नावे भेटतात. ज्या गावाचे नाव स्थानकाच्या फलकावर, लोकलच्या डब्यावर आणि आता लाखो लोकांच्या पत्त्यावर आहे, ते मूळ गाव पश्चिमेस आणखी आत, उल्हास नदीच्या अंगाला आहे. नाव गावाने दिले आणि वैभव इतरत्र उभे राहिले, असे त्याच्या बाबतीत घडले.

आपल्या ट्रस्टचा सुवर्णमहोत्सव साजरा होत असताना या स्मरणिकेत संस्थेच्या कार्याचा आढावा इतरत्र आलेलाच आहे. प्रस्तुत लेखात ज्या भूमीवर हे कार्य उभे राहिले त्या भूमीचा थोडा विचार करावा, असा हेतू आहे. संस्थेची पन्नास वर्षे हे एका फार मोठ्या वहीचे एक पान आहे. मागची पाने उलटल्याशिवाय या पानावरील आकड्यांचा अर्थ लागत नाही.

नाव आणि वाट

बदलापूर या नावाविषयी एक आख्यायिका गावात पूर्वापार सांगितली जाते. छत्रपती शिवाजी महाराजांचे सैन्य सुरतेच्या वाटेवर असताना येथे थकलेले घोडे बदलून ताज्या दमाचे घोडे घेतले जात, म्हणून हे बदलापूर. आख्यायिकेला दप्तरातील कागदाचा दर्जा देता येत नाही. तथापि गावाने स्वतःविषयी कोणती गोष्ट जपून ठेवली, हेही इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे असते. बदलापूरने जपलेली गोष्ट राजधानीची नाही, लढाईची नाही की मोठ्या बाजारपेठेची नाही. ती वाटेवरच्या मुक्कामाची गोष्ट आहे.

आणि ही वाट खरोखरच फार जुनी आहे. कल्याण हे प्राचीन बंदर. घाटमाथ्यावरचा माल नाणेघाटासारख्या घाटांनी उतरून कल्याण आणि सोपारा या बंदरांकडे जात असे. सोपारा आणि ठाणे ही दोन्ही नावे आपल्या परंपरेत श्रीपाल राजा आणि मयणासुंदरी यांच्या कथेमुळे घराघरांत परिचित आहेत. नवपदाच्या ओळीत दरवर्षी त्या कथेचे श्रवण होते. उत्तर कोकणावर शिलाहारांची सत्ता असताना आपल्या शेजारी अंबरनाथ येथे शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० मधील शिवमंदिर उभे राहिले. आजही ते त्या काळच्या शिल्पवैभवाची साक्ष देत आहे. पुढे १६५७ साली कल्याण शिवरायांच्या ताब्यात आले. १७८० मध्ये ते इंग्रजांनी घेतले आणि १८१८ नंतर सर्व उत्तर कोकण कंपनी सरकारच्या अमलाखाली गेले. या साऱ्या उलथापालथीत उल्हास खोऱ्यातील गावे भात पिकवीत राहिली. सत्ता बदलली, सारा घेणारा हात बदलला; पावसाळा आणि आवणी तशीच राहिली.

रुळांची वाट

खरा बदल लोखंडी रुळांनी आणला. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई ते ठाणे अशी पहिली आगगाडी धावली. १८५४ मध्ये ती कल्याणपर्यंत आली आणि १८५६ मध्ये कल्याणहून पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंतचा मार्ग खुला झाला. हा मार्ग बदलापूरच्या शिवारातून गेला. १८६३ मध्ये बोरघाटातील अवघड चढ पूर्ण झाल्यावर मुंबई आणि पुणे अखंड रुळांनी जोडली गेली आणि उल्हास खोऱ्यातील ही शांत वाट दख्खनच्या रहदारीची मुख्य वाट बनली.

रुळांनी गावाला मुंबईशी जोडले, तसे गावाचे केंद्रही हळूहळू हलविले. पूर्वी वस्ती नदीच्या आधाराने होती. पाणी, गुरे, गाळाची जमीन आणि उतार या सर्व गोष्टी नदीशी निगडित होत्या. आता माल चढविण्याची आणि उतरविण्याची जागा नदीपासून दूर, स्थानकावर आली. ठाणे जिल्ह्यातील गवत, लाकूडफाटा, कोळसा आणि भात यांना मुंबईत मोठी मागणी होती. महानगरातील घोडे आणि दुभती गुरे जिल्ह्यातील गवतावर पोसली जात. हा माल बैलगाडीने स्थानकापर्यंत आणावयाचा आणि तेथून वाघिणीत भरावयाचा, असा क्रम सुरू झाला. जिथे माल थांबतो तिथे दुकान उभे राहते. स्थानकालगतची पेठ वाढू लागली आणि मूळ गाव 'गाव' म्हणून मागे राहिले.

१९२९-३० च्या सुमारास कल्याण-पुणे मार्गाचे विद्युतीकरण झाले. मुंबईत नोकरी करून खेड्यात राहणे ही पुढील काळातील मोठी सामाजिक घटना. तिची बीजे याच काळात पेरली गेली. आज बदलापूरहून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतचे ६८ किलोमीटरचे अंतर रोज कापणाऱ्या हजारो कुटुंबांचा इतिहास तेथून सुरू होतो.

दुकान, वही आणि कूळ

रेल्वेच्या पाठोपाठ गुजरात, कच्छ आणि मारवाड या प्रांतांतील व्यापारी कुटुंबे कोकणातील बाजारगावांत येऊन स्थिरावली. त्यांत जैन कुटुंबांची संख्या लक्षणीय होती. पुढे दुकान आणि मागे घर, सकाळी सामायिक, रात्री चोविहार, दिवाळीला चोपडापूजन आणि पर्युषणात व्यवहार आखडून धर्माराधना, हा त्यांचा जीवनक्रम. परक्या मुलखात आलेल्या या कुटुंबांनी मराठी भाषा आपलीशी केली. वहीत गुजराती किंवा महाजनी अक्षर असले तरी गिऱ्हाइकाशी बोलणे गावच्या बोलीत होत असे.

या काळाविषयी लिहिताना आपल्या समाजाच्या स्मरणिकांत बहुधा एकच बाजू येते. आपल्या पूर्वजांनी अडीअडचणीला उधार दिले, पावसाळ्यात घराघरांत धान्य संपले असता माल नाकारला नाही, मुलीच्या लग्नाला कापड दिले आणि पैसे सुगीनंतर घेतले. हे सर्व खरे आहे आणि त्याचा अभिमान असणेही योग्य आहे. परंतु ज्याला वही कळते त्याला हेही कळते, की वहीला जमा आणि नावे अशा दोन बाजू असतात. आषाढात घेतलेले भात कार्तिकात वाढून फेडावे लागे. ज्याला वाचता येत नव्हते त्याला वहीत काय लिहिले आहे, हे विश्वासावर मानावे लागे. भोवतालच्या डोंगरवस्तीतील ठाकूर आणि कातकरी बांधवांच्या वाट्याला तर या व्यवहारात बहुधा श्रमच आले. १८७५ साली पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खते जाळली, तेव्हा त्यांचा रोष ज्या कागदांवर होता ते कागद गुजराती आणि मारवाडी व्यापाऱ्यांचेच होते. ते लोण कोकणात पोहोचले नाही, पण प्रश्न येथेही होताच.

आपल्याच परिसरातील एका थोर पुरुषाने या प्रश्नावर विधायक उत्तर शोधले. माथेरान येथे १९१२ साली जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल यांनी कर्जत परिसरात शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्यांचा उपक्रम चालविला. सावकाराकडे न जाता गरजेच्या वेळी धान्य मिळावे, हा त्यामागील हेतू. पुढे बेचाळीसच्या आंदोलनात त्यांनी आझाद दस्ता उभारून मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या जंगलात हिराजी पाटील यांच्यासह त्यांना वीरमरण आले. आपण त्यांच्या हौतात्म्याला वंदन करतो. त्यांच्या धान्यकोठीचेही स्मरण करावे, कारण ती आपल्या पूर्वजांच्या वहीतील नावेच्या बाजूला दिलेले उत्तर होती.

त्यानंतर कायद्याने हे चित्र पालटले. १९३९ आणि १९४७ चे कर्जनिवारणाचे कायदे, १९४६ चा सावकारी नियंत्रणाचा कायदा, १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन यांनी जमिनीचे आणि कर्जाचे जुने संबंध मोडीत काढले. ज्यांनी काळाची पावले ओळखली त्यांनी देवघेव सोडून किराणा, कापड, भांडी, पुढे औषधे आणि बांधकामाचे साहित्य यांचा व्यापार धरला. आज आपल्या समाजाची जी प्रतिष्ठा आहे ती या दुसऱ्या टप्प्यातील सचोटीच्या दुकानदारीवर उभी आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

चापेकरांनी लिहिलेले गाव

महाराष्ट्रातील असंख्य गावांना जे भाग्य लाभले नाही ते बदलापूरला लाभले. या गावाला त्याचा लेखक मिळाला. नारायण गोविंद चापेकर (१८६९-१९६८) हे न्यायखात्यात अधिकारी होते. १९३४ साली बडोदे येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. 'एडमंड बर्क', 'पेशवाईच्या सावलीत', 'चित्पावन' अशी त्यांची ग्रंथसंपदा आहे. परंतु आपल्या दृष्टीने त्यांचे सर्वांत मोठे कार्य म्हणजे १९३३ साली प्रसिद्ध झालेला बदलापूरवरील ग्रंथ.

या ग्रंथाचे वेगळेपण समजून घेण्यासारखे आहे. त्या काळी इतिहास म्हणजे राजे, लढाया आणि तह अशी समजूत होती. चापेकरांनी आपल्या राहत्या गावाकडे अभ्यासकाच्या नजरेने पाहिले आणि येथील लोकवस्ती, जाती, शेती, धंदे, घरे, चालीरीती यांची पद्धतशीर माहिती गोळा करून मांडली. मराठीत एका गावाचा असा सर्वांगीण अभ्यास त्यापूर्वी क्वचितच झाला असेल. समाजशास्त्र हा विषय आपल्या विद्यापीठांत नुकता रुजत होता, त्या वेळी सेवानिवृत्त न्यायाधीशाने हे काम स्वयंप्रेरणेने केले. त्याला कोणी सांगितले नव्हते आणि त्यातून अर्थप्राप्तीची आशाही नव्हती.

न्यायाधीशाची दृष्टी दोन्ही पक्षांचे ऐकून घेण्याची असते. गावाचा इतिहास लिहिताना हीच दृष्टी लागते. जे गाव लिहिले गेले ते काही अंशी तरी टिकले. १९३३ चे बदलापूर प्रत्यक्षात आज कोठे उरले आहे? घरे गेली, शेते गेली, वाटा बुजल्या. पण ग्रंथालयात ते गाव अजून वसलेले आहे. त्या ग्रंथानंतरच्या नव्वदहून अधिक वर्षांचे बदलापूर मात्र तितक्या बारकाईने कोणी लिहून ठेवले आहे काय, हा प्रश्न प्रत्येक बदलापूरकराने स्वतःला विचारावयास हवा.

छावणी, कारखाने आणि पाणी

स्वातंत्र्यानंतर खोऱ्याचे रूप वेगाने बदलले. फाळणीनंतर सिंध प्रांतातून सर्वस्व गमावून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळील लष्करी छावणीच्या बराकींत आसरा देण्यात आला आणि १९४९ मध्ये या वसाहतीला आपल्या नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळाले. रिकाम्या हाताने आलेल्या या समाजाने काही वर्षांतच मोठी बाजारपेठ उभी केली. अंबरनाथला आगपेट्यांचा कारखाना, संरक्षण खात्याचे कारखाने आणि पुढे रासायनिक उद्योग आले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यावर औद्योगिक वसाहतींची साखळी बदलापूरपर्यंत पोहोचली. शेतात राबणारा तरुण भोंग्याच्या वेळेवर निघू लागला.

कारखान्यांना पाणी हवे होते. त्यासाठी उल्हासची उपनदी असलेल्या बारवी नदीवर औद्योगिक महामंडळाने धरण बांधले. त्याचा पहिला टप्पा १९७२ मध्ये पूर्ण झाला. पुढे धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आली आणि २०१९ मध्ये ते वाढीव क्षमतेने प्रथमच भरले. आज ठाणे जिल्ह्यातील उद्योगांना आणि अनेक शहरांना या धरणाचे पाणी जाते. या पाण्याखाली तोंडली, काचकोली, मोहघर यांसारख्या वस्त्यांची घरे आणि शेते गेली, आणि तेथील कुटुंबांच्या पुनर्वसनाचा व नोकऱ्यांचा प्रश्न दीर्घकाळ चालला. नळ सोडताना ही गोष्ट आठवावी. पाणी गाळून आणि मोजून वापरावे हा संस्कार आपल्याला लहानपणापासून मिळतो. त्यामागे अप्कायाच्या जीवांचा विचार आहे. त्याला आता या विस्थापित घरांच्या स्मरणाचीही जोड द्यावी.

कारखान्यांनी रोजगार दिला, तसे सांडपाणीही दिले. ज्या उल्हासच्या काठी गाव वसले, तिचे पाणी कधीकाळी ओंजळीने पिता येत असे. आज शुद्धीकरणाशिवाय ते पिण्याची कोणी कल्पनाही करणार नाही. अहिंसेचा विचार मुंगीपर्यंत नेणाऱ्या समाजाने नदीतील मत्स्यजीवांचाही विचार करावयास हवा.

गावाचे नगर

१९८३ मध्ये कल्याण महानगरपालिका स्थापन झाली आणि बदलापूरचा समावेश तिच्यात करण्यात आला. १९९२ मध्ये अंबरनाथ आणि बदलापूर तिच्यातून वेगळे होऊन कुळगाव-बदलापूर नगरपरिषद अस्तित्वात आली. या जोडनावातच गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास सामावला आहे : स्थानकाचे गाव आधी आणि नदीचे गाव नंतर.

२००१ च्या जनगणनेत नगरपरिषदेची लोकसंख्या सुमारे ९८ हजार होती. २०११ मध्ये ती सुमारे १ लाख ७४ हजार झाली. दहा वर्षांत जवळजवळ पाऊणपट वाढ. मुंबई, ठाणे, डोंबिवली येथे घर परवडेनासे झालेल्या मध्यमवर्गाने बदलापूरला जवळ केले. भातखाचरांवर इमारती उभ्या राहिल्या. कात्रप, शिरगाव, खरवई, वालिवली ही गावे आता संकुलांच्या पत्त्यांत उरली आहेत. उन्हाळ्याच्या अखेरीस आदिवासी भगिनी पानांच्या द्रोणांत जांभळे घेऊन बसतात, तेवढी जुन्या रानाची खूण राहिली आहे. आपल्या समाजाचीही स्थिती तीच. जुन्या पेढीच्या कुटुंबांपेक्षा नोकरी-व्यवसायानिमित्त अलीकडे आलेली साधर्मिक कुटुंबे आता कितीतरी अधिक आहेत.

या वाढीला नदीने दोनदा मोठी आठवण करून दिली. २६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हास पात्र सोडून वस्तीत शिरली आणि सखल भागांतील संसार पाण्यात गेले. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान चामटोलीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली. सुमारे १०५० प्रवाशांची बोटींतून सुखरूप सुटका झाली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आणि नौदल यांच्याबरोबर परिसरातील ग्रामस्थही मदतीला धावले. त्या दिवशी कोणी कोणाची जात, भाषा वा धर्म विचारला नाही. जुनी वस्ती पुराचा स्वभाव जाणून उंचवटा धरून राहत असे. ते ज्ञान लिहून ठेवलेले नव्हते, म्हणून नव्या वस्तीपर्यंत ते पोहोचले नाही. नोंद नसण्याची किंमत किती मोठी असते, याचा याहून स्पष्ट दाखला कोणता द्यावा?

आता आपली वही

आपल्या ट्रस्टची स्थापना पन्नास वर्षांपूर्वी, भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाणवर्षाच्या (१९७४-७५) सुमारास झाली. त्या काळी देशभर धर्मचक्राच्या निमित्ताने समाज संघटित होत होता. त्या पिढीने वर्गणी, बांधकाम आणि चातुर्मास यांचे हिशेब चोख ठेवले. आज त्या पिढीतील हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मंडळी आपल्यात आहेत. त्यांच्या आठवणी मात्र कोणत्याही वहीत नाहीत.

जुनी घरे पुनर्विकासासाठी पाडली जात आहेत. माळ्यावरील चोपडे, खते, गवताच्या वखारीच्या पावत्या, जुनी छायाचित्रे, विहारात आलेल्या साधू-साध्वीजींच्या मुक्कामांच्या नोंदी रद्दीत जात आहेत. त्या कागदांत केवळ आपल्या घराण्यांची नावे नाहीत. गावातील शेतकरी, सुतार, कुंभार, ठाकूर, कातकरी अशा कित्येकांची नावे कदाचित फक्त आपल्याच वह्यांत उरली असतील. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांची नोंद ज्यांना लिहिता येत होते त्यांच्या चोपड्यांत राहिली. म्हणून त्या वह्या आपल्या एकट्याच्या मालकीच्या आहेत असे समजू नये. त्या गावाची ठेव आहेत आणि ती ठेव परत करण्याची वेळ आली आहे.

सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्टने एक खोली, एक कपाट आणि दोन उत्साही तरुण एवढी व्यवस्था करावी. जुने कागद जमा करून त्यांची छायाचित्रे घ्यावीत, महाजनी अक्षर वाचणाऱ्या वृद्धांकडून ते वाचवून घ्यावेत आणि वडीलधाऱ्यांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्याव्यात. पाठशाळेतील मुलामुलींना सुट्टीत हे काम दिल्यास त्यांना गावही कळेल आणि आजोबा-आजीही कळतील. यास फार खर्च नाही.

आपण प्रतिक्रमणास बसतो तेव्हा दिवसभराचा हिशेब मांडतो. तो इतरांच्या चुकांचा नसतो, स्वतःच्या दोषांचा असतो. समाजाचा इतिहासही त्याच वृत्तीने लिहिला गेला तर त्यातून अहंकार वाढणार नाही आणि वैरही वाढणार नाही. घोड्यांच्या वाटेवर, रुळांच्या वाटेवर आणि आता महामार्गाच्या वाटेवर असलेल्या या गावाने आलेल्या प्रत्येकाला जागा दिली. आपणही कधीकाळी असेच आलेले. गावाने आपल्या खात्यावर पुष्कळ जमा केले आहे. नावेच्या बाजूला आपण काय लिहिणार, हे पुढील पन्नास वर्षे ठरवतील.

प्रस्तुत लेखात काही न्यून राहिले असल्यास, अथवा कोणाचे मन अनवधानाने दुखावले गेले असल्यास, त्रिकरणशुद्धीने मिच्छामि दुक्कडं.

जय जिनेंद्र.